ब्रायन विल्सन व ध्वनिमुद्रणाची कला

ध्वनिमुद्रिका ही गाण्याची प्रतिमा होय, अशी समजूत ग्रामोफोनच्या जन्मापासून पुष्कळ वर्षें रूढ होती. गवई गात असे, वादक वाजवीत असत, आणि यंत्र तें सारें निमूटपणें टिपून घेत असे. छायाचित्रकारानें माणसाचें चित्र घ्यावें त्याप्रमाणें ध्वनिमुद्रकानें गाण्याचें चित्र घ्यावें, व तें मुळाबरहुकूम उतरलें म्हणजे त्याचें काम संपलें, असें मानीत. मूळ गाणें आधीं कोठें तरी, कोणाच्या तरी कंठांतून, एकदां सलगपणें निघालेलें असलेंच पाहिजे, याविषयीं कोणाला शंका नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या समजुतीला जबर धक्का बसला. जें गाणें मुद्रित होण्यापूर्वीं कोणीही, कोठेंही, आरंभापासून शेवटपर्यंत गाइलें अगर वाजविलें नव्हतें, जें केवळ फितीच्या तुकड्यांतून प्रथमच अस्तित्वांत आलें, असें गाणें जगानें डोक्यावर घेतलें. हा पालट घडवून आणण्यांत अनेकांचा हात होता. परंतु ज्यानें त्याचें फळ भरपूर चाखलें आणि त्याची किंमतही जबर मोजली, अशा माणसांत अमेरिकेंतील रॉक संगीताचा रचनाकार व ध्वनिमुद्रिकांचा निर्माता ब्रायन विल्सन याचें नांव प्रथम घ्यावें लागेल.

'निर्माता' हा शब्द येथें चित्रपटाच्या धंद्यांतील अर्थानें घ्यावयाचा नाहीं. चित्रपटाचा निर्माता मुख्यतः पैसा उभा करतो. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता म्हणजे कोणत्या खोलींत, कोणत्या वादकांकडून, कोणतें वाद्य ध्वनिग्राहकापासून किती अंतरावर ठेवून, किती वेळां वाजवून घ्यावयाचें, आणि या साऱ्यांतून शेवटीं कोणता नाद तबकडीवर उतरवावयाचा, हें ठरविणारा माणूस. नाटक मंडळींत तालीममास्तराचें जें स्थान, तेंच थोडेंफार ध्वनिमुद्रणांत त्याचें. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत हा माणूस बहुधा रेकॉर्ड कंपनीचा पगारी नोकर असे. गाणारीं पोरें येत, सांगितलेलें गात, आणि घरीं जात. गाणें रचणें, तें गाणें आणि त्याचें मुद्रण स्वतः करवून घेणें, हीं तिन्ही कामें एका विशींतील मुलानें आपल्याकडे ओढून घ्यावीं, ही गोष्ट त्या धंद्यांतील जुन्या मंडळींना उद्धटपणाची वाटावी अशीच होती.

ब्रायनचा जन्म २० जून १९४२ रोजीं कॅलिफोर्नियांतील इंगलवुड येथें झाला. बालपण लॉस एंजिलिसच्या लगतच्या हॉथॉर्न या साध्यासुध्या गांवीं गेलें. वडील मरी विल्सन हे यंत्रसामुग्रीचा व्यवसाय करीत आणि फावल्या वेळीं गाणीं रचीत. त्या गाण्यांना यश असें फारसें लाभलें नाहीं. गृहस्थ मोठा तापट होता, आणि त्याच्या हातचा मार कसा असे तें मुलांनींच पुढें सांगितलें आहे. पण घरांत पियानो होता, आईबापांना गाण्याची आवड होती, आणि ब्रायन, डेनिस व कार्ल हे तिघे भाऊ रात्रीं निजावयाच्या खोलींत एकत्र गात असत. मार आणि संगीत हीं दोन्ही एकाच हातांतून मिळालीं, हें या घराण्याच्या इतिहासांत विसरतां येत नाहीं.

ब्रायनचा उजवा कान लहानपणापासून जवळजवळ बधिर होता. वडिलांचा एखादा तडाखा त्याला कारण झाला, कीं तो जन्मतःचाच दोष होता, याविषयीं स्वतः ब्रायननेंही निरनिराळ्या वेळीं निरनिराळें सांगितलें आहे. कारण कांहींही असो, परिणाम मात्र उघड होता. दोन कानांचा माणूस डोळे मिटूनही आवाज डावीकडून आला कीं उजवीकडून हें ओळखतो. एका कानाच्या माणसाला हें ज्ञान नसतें. त्याच्या लेखीं साऱ्या जगाचा आवाज एकाच बिंदूंतून येतो. हा कोणता, तो कोणता, हें त्याला दिशेवरून नव्हे तर आवाजाच्या पोतावरून ओळखावें लागतें. पुढें ब्रायनच्या रचनेंत वाद्यांच्या पोताला जें विलक्षण महत्त्व आलें, त्याचें मूळ येथें असावें असा तर्क केल्यास तो अगदींच गैरवाजवी होणार नाहीं.

त्याचें खरें शिक्षण शाळेंत न होतां ग्रामोफोनपुढें झालें. 'द फोर फ्रेशमेन' या नांवाचा चौघा गायकांचा एक संच त्या काळीं अमेरिकेंत गाजत होता. आपल्याकडील गायनांत एका वेळीं एकच स्वरपंक्ति चालते. पाश्चात्त्यांच्या 'हार्मनी'मध्यें चार कंठ एकाच क्षणीं चार निरनिराळे स्वर धरतात, आणि त्यांच्या मिश्रणांतून एक पांचवाच रंग उमटतो. विणलेल्या वस्त्रांतून एक एक धागा अलग काढावा त्याप्रमाणें हा मुलगा त्या चौघांचे सूर एकामागून एक अलग करी. तबकडीचा थोडासा भाग ऐकावयाचा, पियानोवर तो स्वर शोधावयाचा, पुन्हां सुई मागें न्यावयाची. या कामांत तासांचे तास जात. मग प्रत्येक धागा एकेका भावाला, आईला शिकवून तें वस्त्र घरच्याच कंठांतून पुन्हां विणावयाचें. सोळाव्या वाढदिवसाला त्याला एक टेपरेकॉर्डर भेट मिळाला, तेव्हां त्याच्या हातीं एक नवीनच खेळणें आलें: स्वतःचा आवाज मुद्रित करून त्यावर पुन्हां स्वतःच गाणें. एकटा माणूस अनेकांचा मेळा होऊं शकतो, हें त्याला त्या खोलींत प्रथम कळलें.

१९६१ सालीं तिघे भाऊ, आतेभाऊ माइक लव्ह आणि शाळासोबती ॲल जार्डिन यांचा संच जमला व 'द बीच बॉईज' या नांवानें त्यांची पहिली मुद्रिका निघाली. विषय होता फळीवर उभें राहून समुद्राच्या लाटांवरून घसरत येण्याचा, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तरुणांत नुकताच बोकाळलेला खेळ. गंमत अशी कीं संचांत हा खेळ खऱ्या अर्थानें खेळणारा एकटा डेनिस होता. ज्यानें त्या खेळाचीं गाणीं देशभर पोंचविलीं तो ब्रायन लाटांच्या वाटेस जात नसे. १९६२ सालीं कॅपिटॉल या बड्या कंपनीनें त्यांना करारानें बांधून घेतलें. पैसा आला, कीर्ति आली, आणि व्यवस्थापक म्हणून वडीलही आले.

कंपनीची मुद्रणशाळा ब्रायनला पसंत पडली नाहीं. ती मोठ्या वाद्यवृंदासाठीं बांधलेली होती, आणि तिच्यांत रॉक संगीताचा जोर विरून जातो असें त्याचें म्हणणें. कंपनीशीं भांडून त्यानें बाहेरच्या 'वेस्टर्न रेकॉर्डर्स' या मुद्रणशाळेंतील एक लहानशी खोली धरली, आणि १९६३ सालच्या 'सर्फर गर्ल' या मोठ्या तबकडीवर निर्माता म्हणून प्रथमच त्याचें नांव छापलें गेलें. त्या वेळीं तो एकवीस वर्षांचा होता. त्याच वर्षीं फिल स्पेक्टर या निर्मात्याची 'बी माय बेबी' ही मुद्रिका त्याच्या कानांवर पडली आणि तो अक्षरशः वेडावला. स्पेक्टर लॉस एंजिलिसच्या 'गोल्ड स्टार' मुद्रणशाळेंत काम करी. एकाच लहान खोलींत तो दोन-तीन पियानो, तीन-चार गिटारी आणि तालवाद्यांचा ढीग बसवी, सर्वांकडून एकच चाल वाजवून घेई, आणि तो नाद सिमेंटच्या भिंतींच्या एका रिकाम्या कोठडींत ध्वनिक्षेपकावाटे सोडून तेथें उठलेला प्रतिध्वनि दुसऱ्या बाजूनें पुन्हां मुद्रित करी. वाद्यें अलग ऐकूंच येत नसत. ऐकूं येई ती नादाची एक प्रचंड भिंत. ब्रायननें ही युक्ति उचलली, स्पेक्टरचे वादकही उचलले. ढोलकावरचा हॅल ब्लेन आणि बास गिटार वाजविणारी कॅरल के हीं त्यांपैकींच. पण गुरु भिंत बांधीत होता, तर शिष्याला तिच्यांत खिडक्या ठेवावयाच्या होत्या.

१९६४ च्या एप्रिलमध्यें मुलांनीं वडिलांना व्यवस्थापकपदावरून दूर केलें. तें वर्ष दौऱ्यांचें आणि धांवपळीचें होतें. गाणें रचावयाचें, मुद्रित करावयाचें, आणि लगेच विमानानें दूरच्या गांवीं जाऊन तरुण मुलींच्या किंकाळ्यांपुढें तेंच गावयाचें, असा क्रम चालला होता. २३ डिसेंबर १९६४ रोजीं ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानांत ब्रायनचा मनोधैर्याचा बांध फुटला. तो बावीस वर्षांचा जवान लहान मुलासारखा हमसून हमसून रडूं लागला. त्यानंतर लवकरच त्यानें संचाला सांगून टाकलें कीं दौरे तुम्ही करा, मी घरीं राहून गाणीं तयार करतों. त्याच्या जागीं प्रथम ग्लेन कॅम्बेल व नंतर ब्रूस जॉन्स्टन उभे राहिले. रॉक संगीताच्या एखाद्या लोकप्रिय संचाच्या मुख्य माणसानें रंगमंच सोडून मुद्रणशाळा हेंच आपलें क्षेत्र ठरवावें, हा प्रकार तोंवर घडलेला नव्हता म्हटलें तरी चालेल.

या निर्णयाचें पहिलें पूर्ण फळ म्हणजे १६ मे १९६६ रोजीं प्रसिद्ध झालेली 'पेट साउंड्स' ही मोठी तबकडी. भाऊबंद जपान वगैरेच्या दौऱ्यावर गेले असतां ब्रायननें टोनी ॲशर या जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या तरुणाला पद्यरचनेसाठीं गांठलें, आणि भाड्याच्या निष्णात वादकांना बोलावून एक एक चाल उभी केली. त्याची कामाची रीत पाहण्यासारखी होती. साथीचा सारा आराखडा त्याच्या डोक्यांत असे. कोणाला कागदावर लिहून, कोणाला पियानोवर वाजवून, तर कोणाला तोंडानें गाऊन तो ज्याचा त्याला भाग सांगे. दोन वाद्यांनीं एकच चाल अशा बेतानें वाजवावयाची कीं ऐकणाराला त्यांतलें एकही ओळखूं येऊं नये आणि त्यांच्या मीलनांतून एखादें तिसरेंच, जगांत नसलेलें वाद्य वाजत आहे असें वाटावें, हा त्याचा आवडता प्रयोग. हार्पसिकॉर्ड, फ्रेंच हॉर्न, ॲकॉर्डियन, बर्फावरील गाडीच्या घोड्याचीं घुंगरें, सायकलची घंटा, यांना त्यानें एकाच पंक्तीला बसविलें. तबकडीच्या अगदीं शेवटीं धडधडत जाणाऱ्या आगगाडीचा आवाज आहे, आणि त्यावर ब्रायनच्या घरचे दोन कुत्रे भुंकतात.

याहून सूक्ष्म कारागिरी खर्जाची आहे. पाश्चात्त्य संगीतांत एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाला एक पाया असतो, आणि बास हें वाद्य बहुधा तो पायाच वाजवितें. भारतीय श्रोत्यानें तंबोऱ्याच्या षड्जाची आठवण करावी: त्याच्या आधारावर गाणें निश्चिंतपणें उभें राहतें. ब्रायननें बासला पुष्कळदां पाया न देतां त्याच समूहांतील दुसराच एखादा स्वर दिला. त्यामुळें वरचे सूर गोड असूनही खालीं जमीन किंचित हलते आहे असा भास होतो. 'गॉड ओन्ली नोज' हें धाकट्या कार्लनें गाइलेलें गीत या युक्तीचा उत्तम नमुना होय. त्या गाण्यांत सुख आणि धास्ती यांची जी सरमिसळ आहे, ती शब्दांपेक्षां या हलत्या जमिनींतून अधिक येते.

यांत्रिक बाजूही थोडी समजून घेतली पाहिजे. त्या काळची ध्वनिफीत तीन, चार किंवा क्वचित आठ समांतर पट्ट्यांची असे. प्रत्येक पट्टीवर वेगळा आवाज टिपतां येई. ब्रायन प्रथम सारीं वाद्यें चार पट्ट्यांवर घेई. मग तीं एकत्र मिसळून, कोलंबियाच्या मुद्रणशाळेंतील आठ पट्ट्यांच्या यंत्रावर, केवळ एका पट्टीवर उतरवी. उरलेल्या पट्ट्या गायकांच्या आवाजासाठीं मोकळ्या होत, आणि तेथें तो तेंच गाणें दोनदोनदां गाऊन घेऊन आवाजाला भरदारपणा आणी. एकदां मिसळलेलीं वाद्यें पुन्हां अलग करणें शक्य नसे. म्हणजे शेवटचा नाद कसा असेल याची खात्री आधींच मनाशीं पटलेली असावी लागे. अंतिम मुद्रिकाही एकेरी, म्हणजे साऱ्या नादाचा उगम एकाच बिंदूंतून ठेवणारी. मोटारींतील आणि घरांतील रेडिओ त्या वेळीं असाच एकेरी ऐकूं येई हें एक कारण. दुसरें कारण अर्थातच त्याचा बधिर कान. 'पेट साउंड्स'ची खरीखुरी दुहेरी, म्हणजे 'स्टिरिओ' आवृत्ति मूळ फिती पुन्हां जुळवून १९९७ सालीं निघाली. तिच्यांतील डावें-उजवें तिच्या रचनाकाराला स्वतः कधींच अनुभवतां आलें नाहीं.

अमेरिकेंत या तबकडीचें स्वागत बेताचेंच झालें. विक्रीच्या यादींत ती दहाव्या स्थानापर्यंत चढली, व कंपनीनें दोन महिन्यांच्या आंत संचाच्या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा संग्रह बाजारांत आणून तिची वाट अधिकच अरुंद केली. लाटांचीं आणि मोटारींचीं आनंदी गाणीं मागणाऱ्या दुकानदारांना हा उदास तरुण नको होता. इंग्लंडांत मात्र ती दुसऱ्या स्थानीं पोंचली. बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनी याच्यावर तिचा जो परिणाम झाला, तो त्यानें पुढें आयुष्यभर सांगितला.

आतां त्या गाण्याकडे वळावें, ज्याचा आरंभीं ओझरता उल्लेख झाला. ब्रायनच्या लहानपणीं त्याच्या आईनें त्याला सांगितलें होतें कीं कुत्रीं कांहीं माणसांवर भुंकतात व कांहींवर भुंकत नाहींत, कारण माणसांतून निघणारीं अदृश्य कंपनें त्यांना जाणवतात. या बालपणींच्या भीतींतून 'गुड व्हायब्रेशन्स' या गाण्याची कल्पना निघाली. फेब्रुवारी १९६६ मध्यें त्याचें मुद्रण सुरू झालें व सप्टेंबरांत संपलें. गाणें साडेतीन मिनिटांहून किंचित मोठें. आणि त्यासाठीं लागले सात महिने, चार मुद्रणशाळा आणि नव्वद तासांहून अधिक लांबीची फीत, असें सांगतात. खर्चाचे आंकडे निरनिराळे दिले जातात, पण एका गाण्यावर इतका पैसा त्यापूर्वीं कोणी ओतला नव्हता याविषयीं फारसा मतभेद नाहीं.

एवढें लागलें कशाला? ब्रायननें गाणें सलग मुद्रित करण्याची रीतच सोडून दिली होती. कडव्याचा भाग एका शाळेंत, धृपदाचा दुसऱ्या शाळेंत, मधला भाग तिसऱ्या ठिकाणीं, असे तुकडे तो जमवी. प्रत्येक खोलीचा प्रतिध्वनि निराळा, म्हणून प्रत्येक तुकड्याचें हवामानही निराळें. एकाच तुकड्याच्या चार-पांच परी तयार होत. मग पात्यानें फीत कापून, चिकटवून, कोणता तुकडा कोणाशेजारीं शोभतो हें पाहावयाचें. धृपदांत सेलोचा खरखरीत, धांवता ठेका आहे, आणि त्यावर एक विलक्षण विव्हळणारा सूर तरंगतो. तो सूर पॉल टॅनर यानें वाजविला. एके काळीं ग्लेन मिलरच्या प्रसिद्ध वाद्यवृंदांत ट्रॉम्बोन वाजविणाऱ्या या कलावंतानें विजेच्या साह्यानें ध्वनि काढणारें, हातानें पट्टी सरकवून वाजवावयाचें एक वाद्य सिद्ध केलें होतें. मध्येंच साराच कल्लोळ ओसरतो व ऑर्गनचा देवळांतल्यासारखा शांत सूर उरतो. आणि ऐकणाराला वाटतें कीं गाणें संपलें, तोंच तें पुन्हां उसळतें. १० ऑक्टोबर १९६६ रोजीं ही मुद्रिका निघाली, व वर्ष संपण्यापूर्वीं इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत तिनें पहिलें स्थान गांठलें.

यशानें रीतीवर शिक्कामोर्तब झालें. जी रीत एका गाण्याला साधली ती अख्ख्या तबकडीला कां साधूं नये? 'स्माइल' या नांवाचा हा बेत १९६६ च्या उत्तरार्धांत सुरू झाला. पद्यें व्हॅन डाइक पार्क्स या तरुण, बुद्धिमान व काहीशा दुर्बोध कवीचीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाई बेटांपर्यंतचा प्रवास, बालपण, आणि पंचमहाभूतांपैकीं आकाश वगळून उरलेलीं चार भूतें, असा तिचा अफाट विषय. ब्रायननें घरांत पियानोखालीं वाळू पसरली, म्हणजे वाजवितांना पायांना समुद्रकिनारा जाणवावा. अग्नीचा तुकडा २८ नोव्हेंबर १९६६ रोजीं मुद्रित झाला, त्या वेळीं सर्व वादकांच्या डोक्यांवर बंबवाल्यांचीं खेळण्यांतलीं शिरस्त्राणें होतीं व खोलींत धूर यावा म्हणून बादलींत थोडें जाळलेंही होतें. थोड्याच दिवसांत मुद्रणशाळेच्या परिसरांतील एक इमारत जळाली, आणि आपल्या संगीतानेंच ती आग लागली असें ब्रायनच्या मनानें घेतलें. मादक द्रव्यांचें सेवन तोंवर वाढलें होतें, आणि डोक्यांत नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले होते.

बाहेरचीं कारणें पुष्कळ होतीं. दौऱ्यावरून परतलेल्या माइक लव्हला तीं पद्यें समजेनात, आणि आपण काय गात आहों हें विचारण्याचा हक्क गायकाला असतोच. कंपनीशीं मानधनावरून कोर्टकचेरी सुरू झाली होती. पार्क्सही कंटाळून दूर झाला. परंतु या सर्वांच्या मुळाशीं एक अडचण होती, जी कोणाच्याही चुकीमुळें आलेली नव्हती. सलग मुद्रित केलेलें गाणें वादकांनीं वाद्यें खालीं ठेवलीं कीं संपतें. तुकड्यांचें गाणें आपण होऊन संपत नाहीं. तें कोणी तरी संपवावें लागतें. एका गाण्याच्या दहा तुकड्यांच्या जुळणीचे प्रकार माणसाच्या आवांक्यांत राहतात, शेंकडों तुकड्यांचे राहत नाहींत. त्यांत प्रत्येक जुळणी पात्यानें प्रत्यक्ष कापून पाहावी लागे, आणि नक्कल करून ठेवावी तर दर नकलेबरोबर फितीची खसखस वाढे. ज्या माणसाचा स्वतःच्या निवडीवरचा विश्वास ढळला आहे, त्याच्या पुढ्यांत हें अनंत पर्यायांचें ताट ठेवणें म्हणजे काय, याची कल्पना करावी.

कंपनीनें 'स्माइल'चीं चार लक्षांहून अधिक वेष्टनें छापूनही ठेवलीं होतीं. वेष्टनें तयार आणि तबकडी नाहीं! लेनर्ड बर्नस्टाइन या थोर संगीतकारानें सादर केलेल्या, एप्रिल १९६७ मधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ब्रायन एकटा पियानोवर बसून त्यांतील एक गीत गातांना लोकांनीं पाहिला. आणि पुढच्याच महिन्यांत बेत सोडून दिल्याचें जाहीर झालें. जूनच्या आरंभीं बीटल्सची 'सार्जंट पेपर' अमेरिकेंत आली. शर्यत, निदान ब्रायनच्या मनांतली, संपली होती. तो पंचवीस वर्षांचाही झाला नव्हता.

यानंतरचीं वर्षें थोडक्यांत सांगितलेलींच बरीं. गाणीं सुचत राहिलीं, कांहीं फार सुंदर सुचलीं, पण निर्मात्याची सूत्रें हळूहळू धाकट्या कार्लकडे गेलीं. १९६९ सालीं वडिलांनीं साऱ्या गाण्यांचे प्रकाशनहक्क सात लक्ष डॉलरांना विकून टाकले; हा घाव ब्रायनच्या जिव्हारीं लागला. अंथरुणाला खिळलेलीं वर्षें आलीं. १९८३ सालीं डेनिस समुद्रांत बुडून मेला. ज्या समुद्राच्या नांवावर घराणें उभें राहिलें होतें, त्यानेंच त्यांतला लाटांचा एकमेव जाणता ओढून नेला. यूजीन लँडी नांवाच्या मानसोपचारकानें ब्रायनला बिछान्यांतून उठविलें हें खरें, पण मग त्याचें जेवण, पैसा, सोबती आणि अखेर संगीतही आपल्या ताब्यांत घेतलें. १९८९ सालीं लँडीला आपला परवाना सोडावा लागला आणि १९९२ सालीं कोर्टानें त्याला ब्रायनच्या जवळ फिरकण्यास मनाई केली. १९९५ सालीं ब्रायननें मेलिंडा लेडबेटर हिच्याशीं विवाह केला, व योग्य औषधोपचारानें त्याचें आयुष्य बरेंच मार्गावर आलें. कार्ल १९९८ सालीं कर्करोगानें वारला.

'स्माइल'चे तुकडे मात्र या सर्व काळांत तसेच पडून होते. ते आपण जाळले असें ब्रायननें सांगितलें होतें; तें खरें नव्हतें. त्याच्या नव्या साथीदारांपैकीं डॅरियन सहनाजा या तरुण वादकानें ते तुकडे संगणकांत भरले आणि त्याच्यापुढें ठेवले. पात्याला जेथें तास लागत, तेथें आतां क्षण लागे. कापलेलें पुन्हां जोडतां येई, आणि कितीही नकला केल्या तरी आवाज मळत नसे. पार्क्सला फोन गेला, तो आला, आणि दोघांनीं सुटलेले धागे जुळविले. २० फेब्रुवारी २००४ रोजीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें, बेत सुटल्यापासून जवळजवळ सदतीस वर्षांनीं, तें संगीत आरंभापासून शेवटपर्यंत प्रथमच वाजलें, आणि तेंही मुद्रणशाळेंत नव्हे, तर लोकांसमोर, सलग. ज्या रंगमंचाच्या धास्तीनें ब्रायन विमानांत रडला होता, त्यावर तो पियानोपाशीं बसला होता. संगीत संपलें तेव्हां सभागृह उभें राहून टाळ्या वाजवीत होतें. त्याच वर्षीं त्याची नवी मुद्रिका निघाली, आणि १९६६ च्या धुराच्या त्या रात्रीं ज्याच्या मुद्रणानें तो हादरला होता त्याच अग्नीच्या तुकड्याला, नव्यानें वाजविलेल्या रूपांत, ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

मूळ फिती २०११ सालीं 'द स्माइल सेशन्स' या नांवानें प्रसिद्ध झाल्या. ११ जून २०२५ रोजीं, ब्याऐंशी वर्षांचा असतां, ब्रायन विल्सन मरण पावला. त्या फितींत गाण्यांच्या मधून मधून त्याचा चोवीस वर्षांच्या वयाचा आवाज सांपडतो: कांचेपलीकडून तो वादकांना थांबवितो, एखाद्याला थोडें हलकें वाजविण्यास सांगतो, आणि मग म्हणतो कीं पहिल्यापासून पुन्हां एकदां घेऊं.